स्किझोफ्रेनियाची खूण कुठे सापडेल?

मधुमेह रक्तातल्या साखरेवरून कळतो, क्षयरोग थुंकीवरून, हृदयविकाराचा झटका ईसीजीवरून. स्किझोफ्रेनियाचे निदान मात्र आजही बोलण्यातूनच होते. कानात आवाज येतात का, कुणी पाळतीवर आहे असे वाटते का, बोलता बोलता विचारांचा धागा सुटतो का, माणसांतून अंग काढून घेतले आहे का आणि हे किती महिने चालले आहे, असे प्रश्न मनोविकारतज्ज्ञ रुग्णाला आणि घरच्यांना विचारतात आणि त्यावरून निष्कर्ष काढतात. रक्ताच्या आणि मेंदूच्या ज्या तपासण्या लिहून दिल्या जातात, त्या दुसरा काही आजार नाही ना, हे पाहण्यासाठी असतात. खुद्द स्किझोफ्रेनिया दाखवणारी खात्रीची चाचणी आज जगात उपलब्ध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे २ कोटी ४० लाख माणसांना हा आजार आहे. बहुतेकांना तो ऐन उमेदीत गाठतो. निदान झाले की घरोघरी तेच तीन प्रश्न उभे राहतात. हे आमच्या रक्तातच होते का? धाकट्या भावंडाला होईल का? कोणते औषध लागू पडेल, हे आधी कळू शकत नाही का? जनुकांचा आणि जैवनिर्देशकांचा, म्हणजे रोग, त्याचा धोका किंवा उपचाराचा परिणाम ओळखू देणाऱ्या शरीरातल्या मोजता येण्याजोग्या खुणांचा, जो शोध गेली शंभर वर्षे चालू आहे, तो मुळात या तीन प्रश्नांचा शोध आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. दुसऱ्याचे अंदाजाने देता येते. तिसऱ्यावरचे काम जेमतेम सुरू झाले आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. या साऱ्या इतिहासातून माझ्यापुरता एक निकष मी काढला आहे : कोणत्याही चाचणीला आधी हे विचारावे, की तिच्यामुळे या माणसाच्या उपचारात काय बदलेल?

घराण्याचा शोध आणि त्याचा काळा अध्याय

एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या आजाराचे पहिले नेटके वर्णन केले. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये त्याला आजचे नाव दिले. आजार काही घराण्यांत अधिक दिसतो, हे दोघांनाही ठाऊक होते. त्याची पद्धतशीर मोजदाद केली ती क्रेपेलिन यांचे म्युनिकमधले सहकारी एर्न्स्ट र्‍युडिन यांनी, १९१६ मध्ये. रुग्णांच्या भावंडांत आजाराचे प्रमाण जास्त आहे, पण एका जनुकाच्या साध्या नियमात ते बसत नाही, असे त्यांच्याच आकड्यांतून दिसत होते. तरीही पुढे याच र्‍युडिन यांनी नाझी राजवटीच्या सक्तीच्या नसबंदीला शास्त्राचा आधार पुरवला. जुलै १९३३ च्या कायद्यातील 'आनुवंशिक' रोगांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. या कायद्याखाली जर्मनीत सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली; त्याखेरीज १९४०-४१ मध्ये ७० हजारांहून अधिक मनोरुग्ण व अपंग विषारी वायूने मारले गेले.

ई. फुलर टॉरी आणि रॉबर्ट योल्केन यांनी २०१० मध्ये या काळाचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने नसबंदी झालेल्या वा मारल्या गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची संख्या २ लाख २० हजार ते २ लाख ७० हजारांच्या घरात होती. त्या कायद्यामागचा तर्क खरा असता, तर युद्धानंतरच्या जर्मनीत हा आजार नाहीसा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. नव्या रुग्णांचे प्रमाण कमी झालेले आढळले नाही. या आजाराचा धोका रुग्णांपुरता मर्यादित नसून साऱ्या समाजात विखुरलेला आहे, हे त्या भीषण प्रकाराने दाखवून दिले. जनुकांच्या अभ्यासाने तीच गोष्ट पुढे वेगळ्या मार्गाने सिद्ध केली.

त्या इतिहासामुळे आनुवंशिकतेचे नाव काढणेच अनेक वर्षे अवघड होते. अमेरिकेत तर आईच्या वागण्याला दोष देण्याची लाट आली आणि आधीच खचलेल्या कित्येक आयांच्या माथी मुलाचा आजार मारला गेला. ते ओझे उतरवले दत्तक मुलांच्या अभ्यासांनी. लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये, स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या पोटी जन्मलेल्या पण जन्मानंतर लगेच दूर नेलेल्या ४७ मुलांचा मागोवा घेतला. त्यांतल्या ५ जणांना पुढे हा आजार झाला; तुलनेसाठी घेतलेल्या ५० मुलांत एकालाही झाला नाही. सेमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या दत्तक नोंदवह्यांतून असेच निष्कर्ष काढले. आजार संगोपनातून नव्हे, जन्मदात्यांकडून येणाऱ्या वारशातून चालत येतो, हे त्यातून पुढे आले.

जुळ्यांच्या अभ्यासांनी या वारशाचे माप काढले. डेन्मार्कच्या २०१८ च्या मोठ्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा ७९ टक्के निघाला. हा आकडा हमखास गैरसमज निर्माण करतो. एखाद्याला झालेल्या आजारापैकी ७९ टक्के भाग जनुकांमुळे आला, असा त्याचा अर्थ नाही. लोकसंख्येत आजाराच्या धोक्याबाबत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला तेवढा वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. त्याच अभ्यासात तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो झाल्याचे प्रमाण केवळ ३३ टक्के होते. जनुके तीच, तरी तिघांपैकी दोघे आजारापासून सुटले.

घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या अभ्यासांतूनच मिळते. सर्वसाधारण धोका शंभरात एक धरला, तर अर्विंग गॉट्समन यांनी एकत्र केलेल्या जुन्या अभ्यासांनुसार सख्ख्या भावंडाला तो शंभरात सुमारे ९ आणि आई किंवा वडील आजारी असल्यास मुलाला सुमारे १३ असतो. म्हणजे भावंडांपैकी शंभरात ९१ जणांना हा आजार होत नाही. उलट बाजूने पाहिले तर बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतो. समुपदेशनात या दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या पाहिजेत.

एका जनुकाचा पाठलाग

१९८० च्या दशकात डीएनए वाचण्याची साधने आली आणि रोगाचे जनुक सापडणारच, असा विश्वास वाटू लागला. १९८८ मध्ये ह्यू गर्लिंग यांच्या लंडनच्या गटाने आइसलंड आणि इंग्लंडमधल्या काही कुटुंबांच्या आधारे पाचव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले. 'नेचर'च्या त्याच अंकात एका स्वीडिश कुटुंबाच्या अभ्यासात तो संबंध दिसला नसल्याचेही छापून आले होते. पहिला दावा पुढे टिकला नाही.

स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले होते आणि अशा सदस्यांत मानसिक आजार फार होते. १९९० मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली आणि २००० मध्ये तुटलेल्या जागेवरच्या जनुकाला डिस्क-१ हे नाव मिळाले. पण त्या कुटुंबातही काहींना स्किझोफ्रेनिया, काहींना नैराश्य, काहींना द्विध्रुवी विकार होता. सर्वसाधारण रुग्णांच्या मोठ्या अभ्यासांत या जनुकाचा ठळक संबंध निघाला नाही.

याच सुमारास 'संशयित' जनुकांची यादी वाढत गेली : न्यूरेग्युलिन, डिस्बाइंडिन, सीओएमटी. तर्क पटण्याजोगा असायचा, कारण ही जनुके डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाशी किंवा मेंदूच्या जडणघडणीशी जोडलेली होती. पण अभ्यासांत शे-दोनशे रुग्ण असायचे आणि सकारात्मक निकालच तेवढे छापून यायचे. २००८ मध्ये अशा १४ गाजलेल्या जनुकांची मोठ्या संख्येवर एकत्र पारख झाली, तेव्हा त्यांतल्या एकाचाही संबंध सिद्ध झाला नाही. त्यांच्या आधारावर शेकडो शोधनिबंध आणि प्रबंध उभे होते. मनोविकारशास्त्राने त्यानंतर नमुन्याच्या आकाराबद्दल आणि निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहण्याबद्दल जी शिस्त स्वीकारली, ती या अपयशाची खरी कमाई आहे.

लाखो माणसांची मोजणी

गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्येच सुचवले होते, की हा आजार एका मोठ्या दोषातून नसून अनेक लहान परिणामांच्या बेरजेतून होत असावा. थेंबे थेंबे तळे साचावे आणि एका पातळीनंतर काठावरून वाहू लागावे, तसा. ते तपासायला हजारो माणसांचे संपूर्ण जनुकसंच हवे होते आणि ते कोणत्याही एका विद्यापीठाच्या आवाक्यातले नव्हते. २००७ मध्ये देशोदेशीच्या संशोधकांनी आपापली माहिती एकत्र करण्यासाठी मानसिक आजारांच्या जनुकीय अभ्यासाचा आंतरराष्ट्रीय संघ उभारला. २००९ च्या एका अभ्यासाने गॉट्समन यांचे म्हणणे खरे ठरवले : हजारो छोटे फरक मिळून धोका घडतो.

जुलै २०१४ मध्ये ३६,९८९ रुग्ण आणि १,१३,०७५ इतर माणसे यांच्या तुलनेतून जनुकसंचातल्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये ७६,७५५ रुग्णांच्या आणि २,४३,६४९ इतरांच्या अभ्यासात त्या २८७ झाल्या. त्यांतली बरीचशी जनुके चेतापेशींमध्ये, विशेषतः एक चेतापेशी दुसरीला जिथे संदेश देते त्या चेतासंधींच्या कामात गुंतलेली आहेत. डोपामिनच्या ज्या ग्राहीवर आजची बहुतेक औषधे काम करतात, त्या ग्राहीचे जनुकही यादीत आहे. १९५२ पासून योगायोगाने हाती आलेल्या औषधांना इतक्या वर्षांनी असा दुजोरा मिळाला.

सर्वांत ठळक जागा होती सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या पट्ट्यात. हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने २०१६ मध्ये तिथे सी-४ हे जनुक दाखवले. काही माणसांत त्याच्या प्रती अधिक असतात आणि ते अधिक काम करते. एरवी जंतूंवर खूण करणारे हे प्रथिन मेंदूत चेतासंधींवर खूण करते आणि खूण झालेल्या संधी छाटल्या जातात. किशोरवयात मेंदूत अशी छाटणी नैसर्गिकपणे होतच असते. ती प्रमाणाबाहेर झाली तर आजार का उफाळत असेल आणि तो नेमका त्याच वयानंतर का दिसत असेल, याचा पहिला पटणारा दुवा इथे मिळाला. मात्र सी-४ मुळे एखाद्या माणसाचा धोका किंचितच वाढतो. तेवढ्यावरून निदान करता येत नाही.

या सगळ्या छोट्या फरकांची बेरीज करून माणसाचा 'जनुकीय धोक्याचा गुणांक' काढता येतो. धोक्यातल्या फरकाचा सुमारे ७ टक्के भाग त्यातून उलगडतो. संशोधनात त्याचा उपयोग होतो. दवाखान्यात होत नाही. गुणांक सर्वाधिक असलेल्या दहा टक्के लोकांतलीही बहुतेक माणसे आयुष्यभर या आजारापासून दूर राहतात. उरलेले बरेच काही जनुकांबाहेरचे आहे : आईच्या पोटात असतानाची उपासमार, जी हॉलंडच्या १९४४-४५ च्या आणि चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळांच्या अभ्यासांत दिसली, बाळंतपणातल्या अडचणी, किशोरवयातला गांजा, मोठ्या शहरातले बालपण, परमुलखातले परकेपण. काही भाग निव्वळ योगायोगाचाही असतो.

दुर्मीळ, पण ठळक

काही रुग्णांत चित्र वेगळे असते. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर अशा सुमारे चौघांपैकी एकाला मोठेपणी स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार होतो. सुमारे चार हजार जन्मांत एकदा तरी हा दोष आढळतो. सोबत हृदयाचे जन्मजात दोष, टाळूचे दोष, रक्तातले कमी कॅल्शियम असू शकते. २०२२ मध्येच २४,२४८ रुग्णांच्या अभ्यासातून अशी १० जनुके पुढे आली, की त्यांच्यापैकी एक नादुरुस्त असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. सेटडी१ए आणि ग्लुटामेट ग्राहीचे ग्रिन२ए ही त्यांतली प्रमुख.

कोलोरॅडोतल्या गॅल्विन कुटुंबात बारा मुले होती आणि दहा मुलग्यांपैकी सहांना हा आजार झाला. लिन डेलिसी यांनी अनेक वर्षे या कुटुंबाचा अभ्यास केला आणि शेवटी चेतासंधीशी संबंधित शँक२ या जनुकातला बदल त्यांच्यात सापडला. असा बदल जगातल्या अगदी मोजक्या रुग्णांत असेल. तरीही रोगाची यंत्रणा उलगडायला असे दुर्मीळ बदल फार मोलाचे असतात, कारण एक जनुक बिघडले की पेशीत काय होते, हे प्रयोगशाळेत पाहता येते.

रक्त, लघवी आणि मेंदूची छायाचित्रे

जनुकांच्या बरोबरीने शरीरातल्या खुणांचा शोधही चालू होता. १९५७ मध्ये स्टिग ऑकरफेल्ट यांनी जाहीर केले, की रुग्णांच्या रक्तद्रवात एक रसायन घातले की ते लवकर लाल होते. मोठी खळबळ माजली. मग कळले, की इस्पितळातल्या निकृष्ट जेवणामुळे रुग्णांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी होते आणि रंग त्यामुळे बदलत होता. दुसऱ्या एका अभ्यासात रुग्णांच्या लघवीत सापडलेली वेगळी रसायने वॉर्डात प्यायल्या जाणाऱ्या कॉफीची निघाली. केटी यांनी १९५९ मध्ये अशा साऱ्या दाव्यांची परखड छाननी केली. वर्षानुवर्षे कोंडलेल्या, हलक्या अन्नावर ठेवलेल्या माणसांच्या शरीरात जे सापडते, ते आजाराचे आहे की त्यांच्या जगण्याचे, हा प्रश्न त्यांनी कायमचा ऐरणीवर आणला. आजच्या अभ्यासांतही औषधे, धूम्रपान, वजन आणि गरिबी यांचा हिशेब नीट मांडला नाही, तर तीच चूक नव्या यंत्रांनी होते.

१९७६ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि टिम क्रो यांनी सीटी स्कॅनने दाखवले, की जुन्या रुग्णांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या आहेत. हा मनाचा 'खेळ' नसून मेंदूचा आजार आहे, हे त्यामुळे अनेकांना पटले. आता हजारो एमआरआय एकत्र करून हिप्पोकॅम्पससारखे भाग सरासरीने लहान असल्याचे सिद्ध झाले आहे. अडचण या 'सरासरी'तच आहे. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या मोजमापांचे पट्टे एकमेकांवर इतके पडतात, की एका माणसाचे छायाचित्र पाहून निदान करता येत नाही. हलत्या वस्तूमागे नजर फिरवतानाच्या अडखळण्याची, आवाजाला मेंदूने दिलेल्या विद्युत प्रतिसादाची हीच कथा आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ५१ प्रथिनांवर आधारलेली रक्तचाचणी बाजारात आली आणि काही वर्षांतच बंद झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे २००२ ते २०१५ या काळातले प्रमुख थॉमस इन्सेल यांनी पद सोडल्यावर उघडपणे मान्य केले, की सुमारे २० अब्ज डॉलर खर्च होऊन उत्तम शास्त्र निर्माण झाले, पण आत्महत्या आणि इस्पितळात भरती होणे कमी झाले नाही. अशी कबुली द्यायला धैर्य लागते आणि पुढच्या संशोधनाने ती समोर ठेवायला हवी.

पुणे, चेन्नई, बेंगळुरू

या शोधात पुण्याचाही सहभाग आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रभाकर रांजेकर, अमेरिकेतले साहेबराव महाडिक आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तपेशींच्या आवरणातली मेदाम्ले मोजली. ओमेगा-३ सारखी आवश्यक मेदाम्ले आणि पेशींना ऑक्सिडीकरणापासून जपणारी विकरे रुग्णांत कमी आढळली. २००३ मध्ये या गटाने ओमेगा-३ आणि ई व क जीवनसत्त्वे देऊन काही रुग्णांत सुधारणा झाल्याचे नोंदवले. व्हिएन्नात २०१० मध्ये ८१ तरुणांवरच्या अभ्यासात मासळीच्या तेलाने आजार टळल्यासारखे दिसले. मग ३०४ जणांवर अनेक देशांत तोच प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात फायदा दिसला नाही. कारण शोधणे अजून चालू आहे. एखाद्या विशिष्ट गटालाच याचा लाभ होत असेल, ही शक्यता उरते.

चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या 'स्कार्फ' या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठासोबत तमिळनाडूतल्या तीन हजारांहून अधिक माणसांचे जनुकसंच तपासले. २०१९ मध्ये त्यांनी आठव्या गुणसूत्रावर नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, शरीरात वापरण्याशी संबंधित एक जनुक दाखवले. नायसिन त्वचेला लावल्यावर येणारी लाली काही रुग्णांत कमी येते, हे निरीक्षण कित्येक वर्षांचे आहे. त्याला इथे जनुकीय बाजूने दुजोरा मिळाल्यासारखे वाटते. नमुना जागतिक मानाने लहान आहे, म्हणून पडताळणी हवी. बेंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आणि तिथल्या जीवशास्त्र संस्था अनेक सदस्य आजारी असलेल्या कुटुंबांच्या पेशींपासून मूलपेशी बनवून त्यांतून चेतापेशी वाढवत आहेत.

हे काम इथे होण्याला वेगळे महत्त्व आहे. मोठ्या अभ्यासांतली बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची आहेत, त्यांच्याखालोखाल पूर्व आशियाई; भारतीय उपखंडातल्या माणसांना तिथे जवळजवळ जागाच मिळालेली नाही. युरोपीय आकड्यांवर बेतलेला गुणांक आपल्याकडे कमी अचूक ठरतो. उद्या काही उपयुक्त चाचणी निघाली आणि ती आपल्या लोकांत चालली नाही, तर तो मोठा अन्याय होईल. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होत आल्याने इथे अनेक छोटे जनुकीय गट तयार झाले आहेत. दुर्मीळ बदल शोधायला त्यांचा अभ्यास जगालाही उपयोगी पडेल.

उपयोगी पडलेल्या चाचण्या

आता माझ्या निकषाकडे येतो. मनोविकारशास्त्रात काही चाचण्यांनी खरोखर प्राण वाचवले आहेत. शंभर वर्षांपूर्वी मनोरुग्णालयांत मेंदूच्या उपदंशाचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. १९०६ ची वासरमन चाचणी आणि १९१३ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत सापडलेले जंतू यांनी तो आजार वेगळा केला. पेनिसिलिनने तो बरा होऊ लागला. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी मेंदूतल्या एनएमडीए ग्राहीवर हल्ला करणारी प्रतिपिंडे ओळखली. या आजाराचे रुग्ण, बहुधा तरुण मुली, सुरुवातीला हुबेहूब मनोरुग्णासारखे दिसतात. पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या तपासणीने निदान झाले तर प्रतिकारशक्तीवरच्या उपचारांनी त्यांतले बहुतेक सावरतात. अचानक सुरू झालेल्या भ्रमांबरोबर झटके, हालचालींतले बदल किंवा ताप असेल तर ही तपासणी टाळू नये.

मोठ्या आजारातून एकेक उपचार करण्याजोगा गट असा बाजूला काढणे, हाच जैवनिर्देशकांचा खरा मार्ग दिसतो. बाविसाव्या गुणसूत्राची तपासणीही याच जातीची आहे. ती सकारात्मक आली तर कॅल्शियम तपासायचे, हृदय पाहायचे आणि क्लोझापिन हे औषध देताना झटक्यांची काळजी घ्यायची, असे उपचार प्रत्यक्ष बदलतात.

क्लोझापिनचे उदाहरण तर रोजच्या सरावातले आहे. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नेहमीची औषधे पुरेशी लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी हे सर्वांत प्रभावी औषध आहे. त्याने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासतात. रक्तातली औषधाची पातळीही मोजता येते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत ती खाली येत असल्याने ते मोजणे महत्त्वाचे असते. नेहमीची औषधे निरुपयोगी ठरणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची निर्मिती वाढलेली नसावी, असे ऑलिव्हर हाउज यांच्या लंडनमधल्या गटाच्या पेट स्कॅन अभ्यासांतून दिसते. ही खूण स्वस्तात आणि सोपेपणाने मोजता आली, तर कित्येकांची निष्फळ औषधांत जाणारी वर्षे वाचतील. संशोधनाचा पैसा जायला हवा तो इथे.

निकाल कुणाच्या हाती पडेल?

आपल्याकडे या विषयाला आणखी एक धार आहे, ती लग्नाची. स्थळ पाहताना 'घरात कुणाला काही आहे का' ही चौकशी होते आणि एका भावाच्या आजारापायी बहिणींची लग्ने अडतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मधील स्पष्टीकरणात तर स्किझोफ्रेनियाचे नाव घेऊन उल्लेख आहे. आजाराचे नुसते नाव घटस्फोटाला पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले; तरी समाजाच्या मनातला शिक्का कायम आहे. अशा समाजात धोक्याचा गुणांक सांगणारा कागद पत्रिकेशेजारी ठेवला जायला वेळ लागणार नाही. परदेशात काही कंपन्या गर्भ निवडण्यासाठीही असे गुणांक विकू लागल्या आहेत. जो आकडा शास्त्रज्ञ एका रुग्णाच्या उपचारासाठीही पुरेसा मानत नाहीत, त्यावर कुणाचे लग्न मोडावे किंवा कुणाला जन्म द्यायचा हे ठरवावे, याला शास्त्राचा कोणताही आधार नाही. १९३३ चा इतिहास माहीत असलेल्यांनी हे ठामपणे सांगायला हवे.

शास्त्राने दिलेले खरे ज्ञान नेमके याच्या उलट दिशेने नेते. धोक्याचे छोटे अंश आपल्या प्रत्येकाच्या जनुकसंचात आहेत. 'चांगली' आणि 'वाईट' घराणी अशी विभागणी जनुकशास्त्रात कुठेही सापडत नाही. आई-वडिलांनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही आणि भावंडांनी भीतीच्या छायेत जगण्याचेही नाही.

आज हाती काय आहे

चाचणीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. नॉर्वेत रोगालँड भागात शाळा, वर्तमानपत्रे आणि डॉक्टरांमार्फत लक्षणांची माहिती पसरवली आणि घरी जाऊन तपासणारी पथके ठेवली, तेव्हा पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंतचा काळ इतर भागांतल्या १६ आठवड्यांच्या तुलनेत ५ आठवड्यांवर आला. दहा वर्षांनंतरही तिथल्या रुग्णांत सावरलेल्यांचे प्रमाण जास्त होते. त्यासाठी एकही जनुक मोजावे लागले नाही. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार गंभीर मानसिक आजारांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. महाराष्ट्रात पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था रुग्णांना आणि शुभंकरांना, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, आधार देत आल्या आहेत. तिचे संस्थापक जगन्नाथ वाणी स्वतः पत्नीच्या आजारात शुभंकर होते. 'देवराई' या चित्रपटाने हा विषय घराघरात बोलता केला, त्यामागेही त्यांचे पाठबळ होते.

जनुकांचे संशोधन चालू राहिलेच पाहिजे. नव्या, अधिक नेमक्या औषधांचा रस्ता चेतासंधींच्या आणि प्रतिकारशक्तीच्या याच ज्ञानातून जाईल, आणि त्यात भारतीय रुग्णांचा समावेश त्यांच्या संमतीने, त्यांची माहिती सुरक्षित ठेवून व्हायला हवा. पण प्रत्येक नव्या चाचणीच्या जाहिरातीपुढे, प्रत्येक संशोधन प्रस्तावापुढे आपण तोच प्रश्न ठेवूया : याने रुग्णाचा उपचार बदलेल का? ज्या चाचणीचे उत्तर 'होय' असेल, ती गावच्या सरकारी दवाखान्यापर्यंत न्यावी. जिचे उत्तर 'नाही' असेल, तिला प्रयोगशाळेतच राहू द्यावे. आणि तोपर्यंत, आवाज ऐकू येऊ लागलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात डॉक्टरांपर्यंत नेणे हे कोणत्याही गुणांकापेक्षा अधिक आयुष्ये सावरणारे काम आहे.